कालबाह्य केशारोपणाची उतारवयातील दुरुस्ती : स्वरूप, पद्धती आणि मर्यादा
(उजनी धरणाकाठच्या गावांच्या संदर्भात)

सारांश

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांचे टक्कल झाकण्यासाठी मोठ्या कलमांचे केशारोपण केले जात असे. या शस्त्रक्रियेचे दोष वाढत्या वयाबरोबर अधिक ठळक होतात. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे, दुरुस्तीच्या उपलब्ध पद्धती, उतारवयातील वैद्यकीय मर्यादा आणि उजनीकाठच्या ग्रामीण जीवनातील व्यावहारिक प्रश्न यांचे विवेचन केले आहे. दुरुस्ती म्हणजे केसांची भर घालणे नसून शिल्लक केसांची फेरमांडणी करणे होय, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजशब्द : केशारोपण, दाता क्षेत्र, केशपुंज, पंच कलम, उतारवय, उजनी.

१. प्रस्तावना

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अनेक गावांची जुनी गावठाणे यशवंतसागर जलाशयाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या पळसनाथ मंदिरासारख्या जुन्या वास्तू पुन्हा दिसू लागतात. त्या तेथे होत्याच; केवळ पाण्याने झाकल्या होत्या. जुन्या केशारोपणाचेही असेच घडते. तिशीत बसविलेली केसांची कलमे त्या वेळी भोवतालच्या नैसर्गिक केसांत मिसळून गेलेली असतात. साठीपर्यंत भोवतालचे केस गळतात आणि कलमे मात्र जागच्या जागी उघडी पडतात.

धरणाकाठच्या गावांत वयस्क पुरुषाच्या डोक्यावर गांधी टोपी किंवा फेटा असतो. त्यामुळे टक्कल हा तेथे सहसा चिंतेचा विषय होत नाही. तथापि नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईस गेलेला आणि निवृत्तीनंतर गावी परतलेला मनुष्य तरुणपणी असे केशारोपण करून आलेला असेल, तर त्याची अडचण निराळी असते. टोपी त्याला बरीच साथ देते. परंतु आई-वडिलांच्या निधनानंतर क्षौर करण्याचा प्रसंग येतो तेव्हा टोपी उतरवावी लागते. केस उतरल्यावर पुढच्या भागातील उंचवटे आणि मागच्या बाजूचे गोल पांढरे व्रण भावकीसमोर उघडे होतात. शोकाच्या दिवशी लोकांची नजर आपल्या डोक्याकडे जाईल, ही धास्ती वरवरची म्हणून सोडून देता येत नाही. यास्तव दुरुस्तीचा विचार केवळ सौंदर्याचा न मानता व्यक्तीच्या सामाजिक स्वास्थ्याचा मानणे उचित ठरते.

२. जुन्या पद्धतीचा उगम

शरीराच्या एका भागातील ऊती दुसरीकडे नेली तरी तिचा मूळ गुणधर्म बदलत नाही, हे तत्त्व केशारोपणाच्या मुळाशी आहे. या तत्त्वाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ मधील युद्धात इंग्रज सैन्याकडे बैलगाडीवान असलेल्या कावसजीचे नाक कापले गेले. पुण्याजवळ एका स्थानिक कारागीर वैद्याने कपाळाची त्वचा वळवून त्याचे नाक पुन्हा घडविले आणि त्याचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले. अशा शस्त्रक्रियेत कपाळावरील त्वचेबरोबर केसांच्या रेषेचा भाग आला, तर नव्या नाकावरही केस उगवतात. त्वचा स्थलांतर करते, स्वभाव बदलत नाही.

जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ साली गोल पोकळ पात्याने केसांसह त्वचेचे तुकडे काढून ते भाजल्याच्या व्रणांवर बसविण्याची पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धामुळे तिची माहिती जपानबाहेर फारशी पोहोचली नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइच यांनी १९५२ पासून हे प्रयोग पुरुषांच्या टक्कलावर केले आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोक्याच्या मागील व कानांवरील भागातून घेतलेले केस पुढच्या टकलावर लावले तरी ते मागच्या केसांप्रमाणेच टिकतात, हे त्यांनी दाखविले. यास ‘दात्याचे प्रभुत्व’ असे म्हटले जाते.

तत्त्व योग्य होते. साधन मात्र ओबडधोबड होते. कलमाचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर असे आणि एकेका कलमात पंधरा-वीस केस असत. भारतातील मोठ्या शहरांतही पुढे ही पद्धत अवलंबिली गेली. १९८० च्या दशकात कलमे लहान होत गेली. १९८४ मध्ये हेडिंग्टन यांनी केस त्वचेत एकेकटे नसून एक ते चार केसांच्या नैसर्गिक पुंजक्यांत असतात, असे वर्णन केले. त्यास येथे ‘केशपुंज’ म्हटले आहे. अमेरिकेतील बॉबी लिमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंज सुटे करण्याची पद्धत विकसित केली आणि ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये बर्नस्टीन व रासमन यांनी केशपुंजांच्याच आरोपणाचा आग्रह धरला. २००२ मध्ये त्वचेची पट्टी न कापता एकेक केशपुंज थेट काढण्याची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली. थोडक्यात, आज साठी-सत्तरीत असलेल्या ज्या व्यक्तींनी १९९० पूर्वी शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्या डोक्यावर प्रामुख्याने मोठी कलमेच असण्याचा संभव आहे.

३. दोष वयाबरोबर का वाढतात?

पुरुषी पद्धतीचे टक्कल ही आनुवंशिकता व पुरुष संप्रेरके यांच्या संयोगातून घडणारी प्रक्रिया आहे. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये संप्रेरकांचा हा संबंध दाखविला, तर नॉरवुड यांनी १९७५ मध्ये टक्कलाच्या सात अवस्थांचे सुधारित वर्गीकरण दिले. पाणी बदलल्याने केस गेले, असे खेड्यापाड्यांतून सर्रास म्हटले जाते. परंतु कपाळ मागे सरकणे व टाळू विरळ होणे या ठरावीक नमुन्याचे कारण पाणी नव्हे. महत्त्वाचा मुद्दा असा की, ही प्रक्रिया आयुष्यभर चालू राहते. जुन्या शस्त्रक्रियेचा मुख्य दोष केवळ कलमाच्या आकारात नव्हता; केसगळती आहे तेथेच थांबेल, या गृहीतकात तो होता.

त्यातून पुढील विकृती उद्भवतात :

(अ) कलमांमधील नैसर्गिक केस गेल्यावर बाहुलीच्या डोक्यावरील झुबक्यांसारखे किंवा शेतातील सरीत ठरावीक अंतरावर लावलेल्या रोपांसारखे रूप दिसते.
(आ) मोठ्या कलमाच्या मध्यभागी रक्तपुरवठा उशिरा पोहोचल्याने तेथील केस मरतात व कडेचेच उरतात. त्यामुळे कड्यासारखा आकार होतो.
(इ) कलम भोवतालच्या त्वचेच्या वर किंवा खाली बसल्यास उंचवटे अथवा खळगे राहतात. कलमाच्या त्वचेचा रंगही भिन्न दिसू शकतो.
(ई) तरुणपणी आखलेली खालची व सरळ कपाळरेषा साठीच्या चेहऱ्याला शोभत नाही.
(उ) टाळूचे टक्कल मागे वाढत गेल्याने पुढची कलमे बेटासारखी एकटी पडतात.
(ऊ) टकलाचा भाग कापून कडा जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचा लांबट व्रण टाळूवर दिसू लागतो.

४. दुरुस्तीपूर्वीचा हिशेब

उजनीकाठच्या वाचकास धरणाचा उपयुक्त साठा आणि मृत साठा यांतील फरक वेगळा सांगावा लागत नाही. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणात ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृत साठ्याचे आहे. उपयुक्त साठा त्याहून कमी आहे. डोक्याच्या मागील दाता क्षेत्राचा हिशेबही याच प्रकारचा आहे. तेथे दिसणारे सर्व केस काढण्याजोगे नसतात. साधारणतः निम्म्याहून अधिक केस काढल्यास मागची बाजूच उघडी पडते. सर्वसाधारण पुरुषाच्या संपूर्ण आयुष्यात सुरक्षितपणे काढता येणारे केशपुंज सहा हजारांच्या आसपास धरले जातात. व्यक्तिपरत्वे हा आकडा बराच कमी-अधिक होतो. एक फरक मात्र मूलभूत आहे. धरण पुढच्या पावसाळ्यात भरते, दाता क्षेत्र पुन्हा भरत नाही.

जुन्या रुग्णाच्या बाबतीत हा साठा आधीच खर्च झालेला असतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस मिलिमीटर होते. अशी १०० कलमे काढली असल्यास सुमारे साडेबारा चौरस सेंटिमीटर केसाळ त्वचा कायमची गेली, असा त्याचा अर्थ होतो. उरलेल्या भागात व्रण असल्याने केसांची मुळे वाकडी झालेली असतात व ती काढताना तुटण्याची भीती अधिक असते. शिवाय उतारवयात दाता क्षेत्रही काही प्रमाणात विरळ होते. म्हणून शिल्लक किती, टक्कल आणखी कोठवर जाईल आणि सर्वाधिक खुपणारा दोष कोणता, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज दुरुस्तीस हात घालणे योग्य नव्हे.

५. दुरुस्तीच्या पद्धती

५.१ जुनी कलमे काढून त्यांचा पुनर्वापर : ही दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय. जुन्या कलमापेक्षा किंचित लहान गोल पात्याने कलमाचा मोठा भाग काढला जातो. कडेचे थोडे केस मुद्दाम ठेवले जातात. छिद्र टाक्याने बंद करता येते. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सुटा करून त्यातील केशपुंज योग्य जागी पुन्हा लावले जातात. अशा रीतीने जी कलमे विद्रूपतेचे कारण होती, तीच नव्या केसांचा स्रोत बनतात. शेजारशेजारची सर्व कलमे एकाच वेळी काढल्यास त्वचेवर ताण येतो. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने काम केले जाते.

५.२ कलमातील केस विरळ करणे : कलम समतल असेल व केवळ दाटी खुपत असेल, तर सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहून लहान पात्याने त्यातील काही केशपुंज काढून घेतले जातात.

५.३ झाकणी : उरलेल्या कलमांच्या पुढे एकेका केसाचे पुंज अनियमित रेषेत लावून ताठर कडा मऊ केली जाते. मात्र कपाळरेषा आधीच खाली असेल, तर तिच्यापुढे आणखी केस लावणे म्हणजे चूक पुढे ढकलणे होय. तेथे पुढची रांग काढून टाकणेच श्रेयस्कर असते.

५.४ दाता क्षेत्रातील व्रण : रुंद व्रण कापून पुन्हा बारीक टाके घालणे, व्रणात थोडे केशपुंज लावणे, किंवा त्वचेत रंगद्रव्याचे सूक्ष्म ठिपके देऊन व्रण व त्वचा यांतील रंगभेद कमी करणे, हे पर्याय आहेत. ठिपक्यांमुळे रंग लपतो. उंचवटा अथवा खळगा लपत नाही.

५.५ दाढीचे व अंगावरचे केस : डोक्यावरील साठा संपल्यास हनुवटीखालील दाढीचे केस उपयोगी पडतात. ते जाड असल्याने कपाळरेषेत शोभत नाहीत. मधल्या भागात भर घालण्यास चालतात. छातीचे केस आखूडच वाढतात व त्यांचा भरवसा कमी असतो.

५.६ संपूर्ण निवृत्ती : सर्व कलमे काढून टाकणे व टक्कल स्वीकारणे, हाही दुरुस्तीचाच एक प्रकार आहे. उतारवयात आणि साठा संपलेला असताना तो अनेकदा सर्वांत शहाणपणाचा ठरतो. नको असलेले केस लेसरने घालविण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. परंतु लेसरचा किरण केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो. पिकलेल्या केसांवर त्याचा उपयोग जवळपास होत नाही. तेथे सुईद्वारे विद्युतप्रवाह देऊन मूळ नष्ट करण्याची पद्धत अवलंबावी लागते.

६. उतारवयातील विशेष बाबी

वाढलेले वय सर्वस्वी प्रतिकूल असते असे नाही. केस पिकल्यावर त्वचा व केस यांच्या रंगातील तफावत कमी होते आणि विरळपणा तितकासा खुपत नाही. टक्कलाची अंतिम व्याप्तीही या वयात बरीचशी स्पष्ट झालेली असते. त्यामुळे नियोजन अधिक खात्रीने करता येते. पांढरा केस काढताना नीट दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तो रंगविण्याचा प्रघात आहे.

प्रतिकूल बाबी मात्र गंभीर आहेत. मधुमेह नियंत्रणात नसेल तर जखम उशिरा भरते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास रक्तस्राव वाढतो. परंतु त्या रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचाच असावा. स्थानिक भुलेच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळलेले असल्याने रक्तदाब व हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. तंबाखू व मिश्री यांतील निकोटिनमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आधीच व्रणांनी भरलेल्या त्वचेत ही बाब अधिक मारक ठरते. अशा त्वचेत केशपुंज दाटीने न लावता अंतराअंतराने आणि शक्य तर प्रथम लहान भागात लावून पाहणे हिताचे असते.

औषधांचाही विचार आवश्यक आहे. फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारासाठी व १९९७ मध्ये कमी मात्रेत पुरुषी टक्कलासाठी मान्य झाले. ते उरलेले नैसर्गिक केस टिकविण्यास साह्य करते. तथापि त्यामुळे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतील पीएसए हा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. हे औषध घेणाऱ्या वयस्काने चाचणीच्या वेळी तसे सांगितले नाही, तर कर्करोगाची सूचना नजरेआड होऊ शकते. लैंगिक दुष्परिणामांची कल्पनाही आधी द्यावयास हवी. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध असल्याने त्याच्या गोळ्या हृदयविकार असलेल्यांनी वैद्यकीय देखरेखीविना घेऊ नयेत.

७. ग्रामीण जीवनातील व्यवहार

लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस येऊ लागतात आणि परिणाम दिसण्यास सुमारे वर्ष लागते. टप्प्याटप्प्याच्या दुरुस्तीस दोन वर्षे लागणेही अस्वाभाविक नाही. हे आधी ठाऊक नसल्यास केस पुन्हा गेले, या समजुतीने रुग्ण खचतो.

टेंभुर्णी, भीमानगर, केत्तूर, कुगाव यांसारख्या गावांतून पुणे किंवा सोलापूरला वारंवार जावे लागणार असल्याने टप्प्यांची आखणी शेतीच्या कामांशी जुळवून घेणे इष्ट ठरते. पहिले दोन-तीन आठवडे डोक्यावर चाऱ्याचा भारा घेणे, घट्ट फेटा बांधणे, भर उन्हात काम करणे आणि नदीत किंवा जलाशयात बुडी मारणे टाळावे. गळीत हंगामातील ऊसतोडीची धूळ व घामही या काळात अपायकारक असतात. सैल, स्वच्छ टोपी कधीपासून घालावी, हे शल्यचिकित्सकास विचारून ठरवावे.

क्षौराविषयीचा गैरसमजही दूर होणे आवश्यक आहे. जखमा पूर्ण भरल्यानंतर वस्तऱ्याने केस उतरविल्यास लावलेल्या केसांचे नुकसान होत नाही; केसाचे मूळ त्वचेखाली सुरक्षित असते. पहिल्या काही आठवड्यांत मात्र वस्तरा टाळलाच पाहिजे. घरात वृद्ध आई-वडील असलेल्या व्यक्तीने आपल्याकडील प्रथा शल्यचिकित्सकास आधीच सांगावी. केस पूर्ण उतरल्यावर डोके कसे दिसेल, हा प्रश्न अशा रुग्णाच्या दुरुस्तीत केंद्रस्थानी असतो. त्याचे उत्तर केसांची भर घालून मिळत नाही. उंचवटे सपाट करून व व्रण बारीक करून मिळते.

८. सुरक्षितता व नियमन

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका प्रौढ व्यावसायिकाचा केशारोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच प्रदीर्घ बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस लावल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशारोपणाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. औपचारिक शस्त्रक्रिया-प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच ही शस्त्रक्रिया करावी आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असा त्यांचा आशय आहे. दुरुस्ती ही पहिल्या शस्त्रक्रियेहून कठीण असल्याने हा निकष येथे अधिकच काटेकोरपणे लावावयास हवा. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, काढलेल्या जुन्या कलमांचा पुनर्वापर होणार काय, किती टप्पे लागतील आणि तातडीच्या प्रसंगी कोणती सोय आहे, हे प्रश्न रुग्णाने लेखी विचारावेत. ‘हवे तितके केस’ देऊ करणारी जाहिरात दाता क्षेत्राचा हिशेब दडवीत असते.

९. निष्कर्ष

जुन्या केशारोपणाचे अपयश हे मुख्यतः नियोजनाचे अपयश होते. मर्यादित साठा एकाच जागी, एकाच वयाच्या चेहऱ्यासाठी खर्च केला गेला आणि पुढील तीस-चाळीस वर्षांचा विचार झाला नाही. दुरुस्तीत म्हणूनच काढणे आधी आणि लावणे नंतर, हा क्रम पाळावा लागतो. आणि काही व्यक्तींसाठी केवळ काढून थांबणे हाच न्याय्य उपाय ठरतो.

या विवेचनाचा संबंध केवळ वृद्धांशी नाही. आज महाविद्यालयात शिकणारे विशी-पंचविशीतील तरुण केशारोपणाकडे आकृष्ट होत आहेत. कलमे आता सूक्ष्म झाली असली, तरी केसगळती न थांबणारी आहे आणि दाता क्षेत्र मर्यादितच आहे. विसाव्या वर्षी खाली आखलेली कपाळरेषा साठाव्या वर्षी बेटासारखी एकटी पडेल; मग ती कितीही नाजूकपणे लावलेली असो. अशा विद्यार्थ्याशी बोलण्याची वेळ आल्यास अध्यापकांनी त्याला हसण्यावारी नेऊ नये आणि उत्तेजनही देऊ नये. धरणातील पाण्याची पाळी ठरविताना शेतकरी जो प्रश्न विचारतो, तोच त्याच्यापुढे ठेवावा : आज एवढे सोडले, तर पुढे काय उरेल?